मीठ आणायला गेलेला माणूस

१

दुपारचं जेवण झालं की मी खुर्चीत पडतो आणि घरातल्या एकेकावर मनातल्या मनात तोंडसुख घेतो. उघड घ्यावं तर घरात असतं कोण? पोरगा लिफ्ट दुरुस्त करायला गेलेला. सून ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला गेलेली. उरलो मी आणि नात. साखर कुठेही लपवा, ही शोधून काढते, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. चार वर्षांची आहे. सकाळी बालवाडीत जाते आणि जेवली की पुढच्या खोलीत झोपते.

तिच्या उशाशी तो डबा असायचा. पिवळा, पालथ्या वाडग्यासारखा, पोटात दिवा. गोष्टी सांगणारा. कोणी भरून ठेवलेल्या गोष्टी नव्हेत. पोरीने नुसतं अस्वल म्हणायचं, की हा जागच्या जागी अस्वलाची गोष्ट रचणार. सुनेच्या घशात संध्याकाळी आवाज उरत नाही, पोरगा घरी येतो तेव्हा त्याला स्वतःलाच कोणी थोपटावं अशी त्याची अवस्था. म्हणून हे आणलं.

"माणसं मेली का घरातली?" मी विचारलं.

"बाबा, तुम्ही सांगता का तिला गोष्टी?" पोरगा म्हणाला. "नाही ना? मग."

नाही सांगत. बायको गेल्यापासून नाही. तो विषय काढायचा नाही हे आमच्या घरात न ठरवता ठरलेलं आहे.

डब्याची एक रीत होती. थोडं सांगितलं की थांबायचा. दिवा मंद करून वाट बघायचा. पोरीने हूं म्हटलं, हसली, कसलाही आवाज केला की पुढे जायचा. काहीच आलं नाही तर पोर झोपली असं समजून गप्प व्हायचा. मधेच टाळी वाजवली तर चालू गोष्ट टाकून दुसरी धरायचा. पोरग्याने हे मला पुन्हा पुन्हा समजावलं, जसं काही मीच तिथे लोळून गोष्टी ऐकणार होतो.

त्या दुपारी मी पाणी प्यायला उठलो. मुंगी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली, एक पाय पलंगाबाहेर. डबा बोलत होता. बोलता बोलता थांबला. दिवा मंद झाला. म्हटलं, बघू तर खरं कसा गप्प होतो. मी दारात उभा राहिलो. मुंगी हलली नाही. मी श्वासही जपून घेत होतो.

"मग ते अस्वल डोंगर उतरून खाली आलं," डबा म्हणाला.

२

आता माझ्या कानांचं सांगतो, म्हणजे मला वेड्यात काढायला सोपं जाईल. माझी हयात पिठाच्या गिरणीत गेली. डावा कान कधीच गेला. उजवा आहे, पण त्याच्या जवळ येऊन बोलावं लागतं. तेव्हा खोलीत काही वाजलं आणि मला ऐकू आलं नाही, हे होऊ शकतं. मीही तेच म्हटलं. डब्याला आलं असेल ऐकू, आपल्याला नाही.

पण रोज तेच. पोर झोपलेली, आणि डबा थांबतोय, वाट बघतोय, पुढे जातोय.

सुनेच्या डोक्यात वेगळंच आलं. संध्याकाळी डबा चार्जिंगला लावताना हसून म्हणाली, "बाबा, रोज पार संपलेला असतो हा. तुम्हीच ऐकता ना दुपारी?"

"मी?"

"आवडतात तर सांगा ना. लाजायचं काय त्यात? तुमच्या वयाच्या गोष्टी पण सांगतो तो."

"माझ्या वयाची गोष्ट एकच असते, आणि तिच्या शेवटाला चौघं जण लागतात," मी म्हटलं.

पोरग्याला विचारलं. तो म्हणाला, "फ्रिज असेल, बाबा. पार्टिशनच्या मागेच आहे तो. बंद होताना ठक करतो. डब्याला वाटतं पोर जागी आहे."

मुंगीच्या पलंगामागे लाकडी पार्टिशन आहे, मीच कधीकाळी ठोकलेलं. पलीकडे स्वयंपाकघर. तिथे फ्रिज. पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फ्रिजची पिन काढली आणि खुर्ची दारात ओढून बसलो.

मुंगी झोपली. डब्यात एक कासव चाललं होतं. थांबलं. दिवा मंद.

"कासव म्हणालं, मला घाई नाही," डबा म्हणाला, आणि चालू लागला.

पिन परत लावायची राहून गेली.

"बाबा! सगळं दूध नासलं!" संध्याकाळी सून स्वयंपाकघरातून ओरडली.

"दुधाला काय होतंय नासायला, एवढ्याशा गोष्टीने," मी म्हटलं. पण माझं लक्ष दुधात नव्हतं.

३

संध्याकाळी सून मुंगीला खेळायच्या मैदानावर नेते. मी कधी जात नाही. तिथल्या बाकावर पोरांचे आईबाप बसून पोरांपेक्षा जास्त कलकलाट करतात. त्या दिवशी गेलो, घरात बसवेना.

विषय डब्याचाच. घरोघरी आलेत म्हणे.

"माझ्या मुलाचे शब्द बघा किती वाढले," शाळेत शिकवणारी एक बाई म्हणाली. "परवा मला म्हणतो, आई, तू आज उदास का? उदास! मी कुठे शिकवला हा शब्द?"

तिच्या शेजारी काडीसारखा बारीक एक बाप होता. तो म्हणाला, "शब्द वाढले हो. पण माझा आता मला सांगूच देत नाही. म्हणतो, बाबा, तू अडखळतोस. तो नाही अडखळत." हसत हसत म्हणाला, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "मी आता दाराबाहेर उभा राहून ऐकतो. चांगलं सांगतो, हेच वाईट आहे."

"मला काय वाटतं सांगू?" आमची सून म्हणाली. "सांगणारं माणूस दमलं पाहिजे. आई जांभई द्यायला लागली की पोराला कळतं, आता झोपायचं. हा दमतच नाही."

"आपण दमतो म्हणून तर आणला ना तो?" बाई म्हणाली.

"तेच तर."

"सांगणारा दमत नाही ते सोडा," मी म्हटलं. "ऐकणाराही दमत नाही, त्याचं काय?"

सगळे हसले. म्हाताऱ्याने काहीही म्हटलं तरी हसायचं अशी आजकाल पद्धत आहे.

तेवढ्यात मुंगी वाळूतून आली. सून म्हणाली, "अजून खेळायचंय का गं?"

मुंगीने तोंडाने उत्तर दिलं नाही. मधलं बोट दुमडलं आणि त्याच्या पेराने बाकाच्या फळीवर एकदा वाजवलं. आणि पळाली परत वाळूकडे.

"हे नवीनच," सून म्हणाली. "बालवाडीतल्या बाईंनी पण विचारलं. म्हणे घरी बोलते ना ही? हो म्हणायचं झालं की ठोकते. काहीही विचारा, ठोकते. डब्यानेच झालंय, दुसरं काय?"

मी बाकाची फळी धरून बसलो होतो. ते टक मला ऐकू आलं नव्हतं. हाताला लागलं होतं.

४

रात्री जेवताना पोरग्याने मुंगीला विचारलं, "भात वाढू का?" तिने ताटाच्या कडेला पेर वाजवलं.

पोरगा घास हातात धरून थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

"पाणी आण गं जरा," तो सुनेला म्हणाला. पाणी समोरच होतं. मग म्हणाला, "डबा परत देऊन टाकू. उद्या संध्याकाळी."

"अरे, तूच तर आणलास," सून म्हणाली. "मी इतके दिवस ओरडतेय तर ऐकत नव्हतास."

"आता ऐकतोय ना?"

"राहू दे," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू फ्रिजच बोलला. डब्याला रोज शिव्या घालणारा मी.

"बाबा, पोरीची वाचा जायची वेळ आली," सून म्हणाली. आवाज बसलेला होता, दिवसभराच्या तक्रारींनी. "तिने मला आई म्हणून हाक मारलेली मला आठवावी लागते आता. परवा अंधारात उशाशी येऊन ठोकून उठवलं मला. मला तिचा आवाज हवाय, बाकी काही नको."

तिचं बरोबर होतं.

५

पोरगा लहान होता तेव्हा मी गिरणीतून दुपारी जेवायला यायचो. जेवण वाढेपर्यंत जमिनीवर बसायचो, पार्टिशनला पाठ लावून, पोरगा मांडीवर. आणि गोष्ट सांगायचो. बायको पलीकडे स्वयंपाक करत ऐकायची. आता गोष्ट म्हटली की हूं लागतं. हूं नसलं तर गोष्ट भिंतीला सांगितल्यासारखी. पण तिचं हूं माझ्या कानांना पोचेना. म्हणून ती पार्टिशनवर वाजवायची. मधल्या बोटाच्या पेराने, टक. मला ऐकू नाही यायचं, पाठीला लागायचं, बरोबर दोन खांद्यांच्या मधे. एकदा वाजवलं की पुढे सांगा. दोनदा वाजवलं की पुरे, या जेवायला.

गोष्ट एकच होती. एक माणूस मीठ आणायला जातो. बायकोने चुलीवर भांडं चढवलेलं, उकळी यायला लागलेली, आणि हा आत्ता येतो म्हणून निघतो. वाटेत त्याला कोणी ना कोणी अडवतं. कधी वाट चुकलेलं गाढव, कधी भांडणारे दोन न्हावी, कधी पूल मोडलेला. त्याला काही मी घरी पोचू देत नव्हतो.

पोरगा मोठा झाला, नोकरीसाठी दूर गेला. गोष्ट राहिली. मी अलीकडे, ती पलीकडे. म्हातारी माणसं, आणि मी भिंतीला टेकून मीठवाल्याची गोष्ट सांगतोय. कोणी बघितलं असतं तर हसलं असतं.

ती वाढताना म्हणायची, "अहो, पोचवा त्या बिचाऱ्याला एकदाचा घरी. ती बाई बसली असेल झाकण उघडून बघत."

"पोचवला तर मग तू ऐकशील काय?" मी म्हणायचो.

"मग तेल आणायला पाठवा," ती म्हणायची.

एका दुपारी माणूस नदीपर्यंत आला. मीठ हातात. नाव पलीकडच्या काठाला. मी थांबलो. टक आलं नाही. म्हटलं, दूध उतू जात असेल. पुन्हा सांगितलं, "नाव पलीकडे होती." वाट बघितली. मग जरा रागाने म्हटलं, "अगं, नाव पलीकडे होती!"

उठून गेलो तर ती स्वयंपाकघरात खाली बसलेली होती. पार्टिशनला पाठ लावून. म्हणजे माझ्याच पाठीला पाठ. कधीपासून, ते मला माहीत नाही.

तो माणूस अजून तिथेच काठावर आहे. पोरगा घरी परत आला, सून आली, मग मुंगी झाली. मुंगीने आजीला कधी बघितलेलं नाही.

६

डबा जायच्या दिवशी दुपारी मी खुर्ची पलंगाजवळच नेली. उजवा कान त्याच्याकडे केला.

मुंगी झोपली. डब्याने एका जिराफाची गोष्ट धरली. धड एक वाक्य झालं नसेल, मधेच तुटला.

"ही नको? बरं. दुसरी सांगतो."

टाळी कोणी वाजवली नव्हती. त्याने ढगाची सुरू केली.

"ही नको? बरं. दुसरी सांगतो."

चोराची. माशाची. चंद्रावरच्या शिंप्याची. प्रत्येकीचं पहिलं वाक्य, फार तर दुसरं, की तुटली. "ही नको? बरं." डब्याचा आवाज तोच, गोड, न चिडणारा. कोणीतरी दळणाच्या रांगेत एकेक पिशवी उघडून बघावी, आणि आपली सापडू नये, तसं चाललं होतं.

बिघडलाय, मी स्वतःला सांगितलं. यंत्र आहे, बिघडतं. माझ्या गिरणीचा पट्टाही वरचेवर सुटायचा, त्याला काय भूत लागलं होतं?

उठून स्वयंपाकघरात गेलो. पार्टिशन आणि फ्रिज यांच्यात बोटभर फट आहे, तिथे हात जात नाही, झाडूही जात नाही. पोरग्याची बॅटरी लावून डोळा फटीला लावला. प्लायवर जुना रंग होता, त्यावर जाळी, धूळ. आणि खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात टेकेल तिथे, एक रुपयाएवढा गोल. तेवढ्यात रंग नव्हता, धूळ नव्हती. लाकूड उघडं पडून गुळगुळीत झालेलं. जात्याचा खुंटा रोज हात लागून होतो तसं.

बॅटरी विझवली. पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

बाहेर आलो तर डबा म्हणत होता, "ही नको? बरं. दुसरी सांगतो."

पलंगावर मुंगी झोपेतच होती. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून ती चादरीवर वाजवत होती. चादरीवर आवाज कसला येणार? तरी वाजवत होती.

मी तिला उचललं. आतल्या खोलीत नेऊन तिच्या आईच्या अंथरुणावर ठेवलं, दार लावून घेतलं. मग येऊन डबा बंद केला. हवं होतं ते त्याच्याकडे नव्हतं. बिचाऱ्याने खूप शोधलं.

७

पलंग सरकवला. जमिनीवर बसायला मला आता अख्खी दुपार लागते, पण बसलो. पार्टिशनला पाठ लावली. लाकूड गार होतं.

"नाव पलीकडे होती," मी म्हटलं.

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. थांबलो. वाट बघितली. नळ गळत असेल, रस्त्यावर गाड्या जात असतील, मला त्यातलं काही नव्हतं. मला फक्त माझी पाठ होती.

लागलं. टक.

दोन खांद्यांच्या मधे नाही. खाली, कमरेशी.

मी डोळे मिटले. मला पळून जावंसं वाटलं हे खोटं कशाला बोलू? उठता आलं असतं तर उठलोही असतो. आणि त्याच वेळी असं वाटलं, की पाठ अर्ध्या इंचानेही हलवायची नाही, हलवली तर जाईल.

"मग त्याने नावाड्याला हाक मारली," मी म्हटलं.

टक.

सांगत गेलो. नावाडी बहिरा होता. हा हातवारे करतो, तोही परत हातवारे करतो, त्याला वाटतं कोणी ओळखीचं आहे. टक. आधी अशा ठिकाणी ती हसायची, आता टक जरा उशिराने आलं, आणि मला वाटलं हसली असेल. नाव आली. मीठ भिजू नये म्हणून त्याने डोक्यावर धरलं. टक. वाटेत कोणी अडवलं नाही. मी त्याला या वेळी कुठे अडकवलं नाही, गाढव नाही, न्हावी नाही. गोष्ट संपली की ठोकणंही संपेल, पोरीचा आवाज परत येईल, असं वाटत होतं. सुनेला तेवढंच हवं होतं.

गल्ली आली. घर आलं. दार लोटलेलंच होतं. चुलीवरचं भांडं अजून उकळत होतं.

"कुठे होता एवढा वेळ, बायको म्हणाली. त्याने मीठ तिच्या हातात दिलं. तिने चिमूटभर टाकलं, ढवळलं, चाखलं. म्हणाली, झालं. बसा." मी दोन्ही हात जमिनीला टेकवले. "संपली गोष्ट," मी म्हटलं.

आणि वाट बघितली. दोनदा वाजणार होतं. पुरे, या जेवायला. सबंध जन्म तसंच वाजलं होतं. ती असली तर दोनदाच वाजवणार.

आतल्या खोलीचं दार उघडलं. मुंगी डोळे चोळत आली. बोट दुमडलेलं नव्हतं. "आजोबा, तुम्ही खाली का बसलाय?" ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, माझ्या उजव्या कानापर्यंत येईल असं. किती दिवसांनी.

"गप, बाळा," मी म्हटलं. "जरा थांब."

पाठ लावूनच होतो. लाकूड आता गार नव्हतं. पलीकडून कोणी टेकून बसलं की जसं होतं, तसं.

मग कमरेशी लागलं. टक.

मी दुसऱ्याची वाट बघितली. मुंगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दुसरं आलं नाही.

एकच.

ती असती तर दोनदा वाजवलं असतं, हे मला कळत होतं. मग हे कोण, हेही मनात आलं, आणि मी ते तिथेच दाबलं. मुंगीला जवळ ओढून मांडीवर घेतलं, तिच्या दोन्ही मुठी माझ्या एका हातात घट्ट धरल्या.

"तेवढ्यात बायको म्हणाली," मी म्हटलं, "अहो, तेल संपलंय."